कान्हेरी, आणि पाकिटांची गोधडी

लागोपाठ दोन रविवार ऑफिसात गेले, त्याच्या बदल्यात मला बुधवारची सुट्टी मिळाली. शेव, चिवडा, वेफर्स विकणाऱ्या एका कंपनीचं काम आमच्या ऑफिसकडे आहे आणि त्यांच्या पाकिटांवरची चित्रं मी करते. दिवसभर स्क्रीनसमोर बसून लिंबाच्या फोडीवर पाण्याचे थेंब चढवायचे, मिरची आणखी लाल करायची, केळ्याचा वेफर आणखी पिवळा. नव्या वर्षासाठी सगळी पाकिटं बदलायची टूम निघाली आणि ते काम उरकेपर्यंत मला रंगांचाच वीट आला. बुधवारी खोलीतल्या पांढऱ्या भिंतीकडे बघत पडून राहायचं, एवढाच माझा बेत होता.

नवरा डबा घेऊन कामावर गेला. मी दार लोटून पुन्हा पांघरुणात शिरले. जरा डोळा लागतोय तोच सासूबाई दारात आल्या. पांढरी कॉटनची साडी, खांद्याला पिशवी आणि पायात चालायला जाताना घालतात ते बूट.

"उठतेस का?"

"आज नाही उठणार, आई."

"पडूनच राहायचंय ना? मग चल कान्हेरीला. तिथे पडू. दगड गार असतात."

मला वाटलं गंमत करतायत. पण पिशवीतून पाण्याची बाटली आणि पोळीभाजीचा डबा डोकावत होता. म्हणजे त्या कधीच्या उठून तयारीला लागल्या होत्या. मी कुरकुर केली. लेणी शाळेच्या सहलीत बघितलीयेत, माकडं डबे पळवतात, ऊन लागेल, सगळं सांगून पाहिलं. त्यांनी नुसतं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अंघोळ आल्यावर केलीस तरी चालेल."

सासूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांच्या घरच्यांचं गाव जालन्याकडचं, पण त्या वाढल्या घाटकोपरला. नोकरी केली ती विक्रोळीच्या एका कारखान्यात, टेलिफोन ऑपरेटरची. आयुष्यभर कानाला यंत्र लावून माणसं एकमेकांना जोडून दिली. त्यामुळे समोरच्याच्या तोंडापेक्षा त्याच्या आवाजाकडे त्यांचं लक्ष जास्त. मी घरात पाऊल टाकून "आले" म्हटलं की त्या आतूनच विचारणार, "काय गं, साहेब बोलला का काही?" आणि तो बोललेलाच असायचा.

आमचं लग्न सरळ झालं नव्हतं. आम्ही मालवणकडचे, सासरचे बौद्ध. माझ्या बाबांनी लग्नाला विरोध केला, वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मग हळूहळू निवळलं. आता बाबा आणि माझी आई गावाला राहतात, दिवाळीला कोकम आणि तांदूळ पाठवतात, सासूबाईंची फोनवर अदबीनं चौकशी करतात. पण ती चौकशी दोन मिनिटांच्या पुढे कधी जात नाही. मी आणि सासूबाईसुद्धा तशाच होतो. भांडण कधी नाही, कुणी कुणाला वावगं बोललेलं नाही, पण दोघींनी मिळून, घरातल्या कुणाशिवाय, नुसतं फिरायला म्हणून बाहेर जाणं कधी घडलं नव्हतं.

मुलुंडहून बस मिळाली, बसायलाही मिळालं. लिंक रोडवरून डोंगराच्या कडेनं बस निघाली तशी मला झोप लागली. जाग आली ती नॅशनल पार्कच्या गेटवर. आतली मिनी बस वळणं घेत वर चढली आणि आम्हाला लेण्यांच्या पायथ्याशी सोडून गेली. दिवाळी होऊन गेली होती, ऊन होतं पण बोचत नव्हतं. आठवड्याचा मधलाच दिवस, त्यामुळे गर्दी नाही. पायऱ्यांशी एक बाई काकड्या आणि पेरू घेऊन बसली होती. शेजारीच एक माकड अगदी गिऱ्हाईकासारखं बसलं होतं.

वर पोचल्यावर सासूबाई आधी मोठ्या चैत्यात शिरल्या नाहीत. बाहेरच्या भिंतीशी थांबल्या. तिथे दगडात जोडपी कोरलेली आहेत, पुरुष आणि बाई अशी. ज्यांनी दान दिलं त्यांची ती असावीत असं म्हणतात. शाळेच्या सहलीत बाईंनी आम्हाला त्यांच्यासमोरून पळवत नेलं होतं.

"ही बघ," त्या म्हणाल्या. "पायात केवढे जड तोडे आहेत. आणि उभी कशी राहिलीये, जसं काही आत्ताच कुणीतरी हाक मारलीये."

मी बघितलं. खरंच, त्या बाईचं अंग एका बाजूला किंचित कललं होतं. कानात मोठाली कुंडलं, कमरेला पट्टा आणि चेहऱ्यावर मजेत असल्याचा भाव. नाक झिजून गेलं होतं, तरी तो भाव गेला नव्हता. माझ्या मनात आलं, हिच्या ओठांवर मला एकही थेंब चढवावासा वाटत नाहीये. आदल्या रविवारपासून पहिल्यांदाच मी एखाद्या चित्राकडे दुरुस्त करायच्या नजरेनं बघत नव्हते.

"लहानपणी आमची आई आम्हाला बुद्धपौर्णिमेला इथे आणायची," सासूबाई सांगू लागल्या. "घाटकोपरहून सगळी वस्ती यायची, भाकऱ्या बांधून. मी या बाईला 'मावशी' म्हणायची. कारण माझी मावशी अशीच उभी राहायची, नळावर."

आम्ही दोघी हसलो. मग व्हरांड्यातल्या दोन्ही बाजूंच्या बुद्धांच्या उंच मूर्ती बघितल्या. त्या इतक्या उंच आहेत की चेहरा नीट दिसायला मागे मागे जावं लागतं, आणि मागे जायला तेवढी जागाच नाही. सासूबाई मान वर करून उभ्या राहिल्या, हात जोडले आणि मग बूट काढून आत गेल्या. मीही चपला काढल्या. दगड गार होता, त्यांनी सांगितला होता तसाच.

चैत्यात आम्ही दोघीच होतो. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा. काहींच्या माथ्यावर हत्ती आणि माणसं कोरलेली, काही नुसतेच आठ बाजूंचे, कोरायचं काम मधेच थांबलेलं. समोर स्तूप. मागच्या मोठ्या खिडकीतून ऊन आत येत होतं आणि ते थेट स्तूपापर्यंत न पोचता मधल्या जमिनीवरच सांडलं होतं. सासूबाई स्तूपासमोर बसल्या आणि त्यांनी हळू आवाजात वंदना म्हटली.

हळू म्हटली खरी, पण त्या दालनात आवाज हळू राहतच नाही. छताला जाऊन तो गोल फिरतो आणि परत येताना जरा जाड होऊन येतो. त्यांचा आवाज मी इतकी वर्षं ऐकत होते, पण तो इतका भरलेला आहे हे मला माहीत नव्हतं. संपल्यावर त्या शेवटचा सूर विरेपर्यंत थांबल्या.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तू."

"मला वंदना नीट येत नाही, आई."

"वंदना म्हण म्हटलं का मी? गा."

मी चपापले. गाण्याबद्दल मी सासरी कधी काही बोलले नव्हते. बाबा आमच्या भजनी मंडळाचे बुवा. लहानपणी मी त्यांच्या पेटीच्या शेजारी बसून त्यांच्यामागे गायचे, गणपतीत तर रोज. लग्नाच्या वेळी त्यांनी अबोला धरला आणि गाणं आपोआप थांबलं. कुणी थांबवलं नाही. पेटी त्या घरात राहिली, मी या घरात आले आणि मग ऑफिस, घर, ऑफिस यात ते राहूनच गेलं. नवऱ्यालासुद्धा मी नीट ऐकवलेलं नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं मी गाते म्हणून?"

"तू भांडी लावताना गुणगुणतेस. मी स्वयंपाकघरात आले की बंद करतेस." त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. "मला वाटायचं, कधीतरी स्वतःहून गाईल. किती वाट बघायची?"

"पण काय गाऊ इथे? मला येतात ती सगळी देवाची भजनं. विठ्ठलाची, गणपतीची. ती इथे कशी..."

त्यांनी क्षणभर विचार केला.

"मग शब्द नको घालूस," म्हणाल्या.

मला हसू आलं. मी भिंतीला टेकून बसले, डोळे मिटले आणि सा लावला. पहिला सूर घोगरा निघाला. गळ्याला सवयच राहिली नव्हती. पण छतानं तो घेतला आणि माझ्यापेक्षा चांगला करून परत दिला. मग मला धीर आला. बाबा पहाटे जो आलाप करायचे तो मी हळूहळू उलगडत गेले, शब्दांशिवाय, नुसता आकार. कुठे श्वास पुरला नाही, कुठे सूर हलला. पण तिथे घाई करताच येत नव्हती. एक सूर सोडला की तो फिरून येईपर्यंत थांबावं लागायचं आणि मग त्याच्याच अंगावर दुसरा ठेवायचा. जणू कुणीतरी मागे बसून साथ करत होतं.

किती वेळ गायले कोण जाणे. डोळे उघडले तर दारापाशी एक वयस्कर जोडपं उभं होतं, हातात चपला घेऊन. त्यांनी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. काकांनी नुसती मान डोलावली, काकू पदरानं चष्मा पुसत होत्या आणि दोघं खांबांमधून स्तूपाकडे निघून गेली. सासूबाई अजून तशाच बसल्या होत्या, कान जरा तिरका करून. फोनवर लांबचा आवाज नीट ऐकायचा असला की त्या अशाच बसत असतील.

"झकास," एवढंच म्हणाल्या.

मग आम्ही आणखी वर चढलो. खडकात खोदलेली पाण्याची टाकी बघितली, एका लहान लेण्यात छतावरची जुनी रंगीत रेघ शोधली. तिथे कुणीतरी बुद्धाची चित्रं काढायला घेतली होती आणि ती अर्धवटच राहिली आहेत. नीट बघितल्याशिवाय दिसतही नाहीत. मी मोबाईलचा टॉर्च लावणार होते, सासूबाईंनी अडवलं. "थांब, डोळ्यांना सवय होऊ दे." सवय झाल्यावर एक खांदा दिसला, मग हनुवटी. लाल मातीचा रंग, अगदी थोडा. मला तेवढाच पुरे वाटला.

एका खोलीत दगडाचाच ओटा होता, भिक्षू झोपायचे म्हणे. आम्ही तिथे बसून पोळीभाजी खाल्ली, पायथ्याशी घेतलेले पेरू खाल्ले आणि सासूबाई खरोखर पिशवी उशाला घेऊन आडव्या झाल्या. मीही झाले. बाहेर कुठेतरी पक्षी ओरडत होता. तिथून पुढे टेकडीच्या टोकाशी बोरिवलीचे टॉवर दिसतात, पण पडल्या पडल्या फक्त दाराएवढं आकाश दिसत होतं. घरच्या पलंगावर मला अशी झोप लागली नसती.

परत गेटजवळ आलो तेव्हा मोबाईलला रेंज आली. मी पाणी पीत होते, तेवढ्यात सासूबाईंनी आपला फोन काढला आणि कुणालातरी लावला. चार शब्द कानावर पडले आणि मी घाबरलेच. त्यांनी माझ्या बाबांना फोन लावला होता. स्पीकरवर.

"सगळा बरा आसा मां?" बाबांचा काळजीचा आवाज आला. मधल्या दिवशी, भरदुपारी विहिणीचा फोन म्हटल्यावर काळजी वाटणारच.

"सगळं बरं आहे. तुमच्या मुलीनं आज गाणं म्हटलं. ते सांगायला केला."

"तेणां? खंय?"

"कान्हेरीला. मोठ्या चैत्यात."

मला वाटलं आता ते 'बरं बरं' म्हणून फोन ठेवतील.

"मगे आवाज बरो घुमलो आसतलो," बाबा म्हणाले. मग घसा साफ केला. "पेटी हंयच आसा म्हणान सांगा तेका. मी रोज पुसतंय. येशात तेवा घेवन जावा."

त्यानंतर ते दोघं बोलतच राहिले. दगडी देवळात आवाज कसा लागतो, गावच्या सभामंडपात पत्रे घातल्यापासून कसा बिघडला, सासूबाईंच्या जुन्या ऑफिसात ट्रंक कॉलवर आवाज कसा यायचा. दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली. मी पाण्याची बाटली धरून रस्त्याच्या कडेला उभी होते आणि मला मधे बोलायला कुणी सांगत नव्हतं. मला ते फार आवडलं.

बोरिवली स्टेशनच्या दिशेनं चालताना एका हॉलबाहेर फलक दिसला. चित्रकला शिकणाऱ्या मुलांचं प्रदर्शन, प्रवेश सर्वांना. मी म्हटलं, "आई, आता घरी जाऊ या." त्या म्हणाल्या, "जुनं बघितलं, आता नवं बघू. आत एसी असेल."

एसी होता. भिंतींवर मोठाले कॅनव्हास लावले होते. एकावर नुसता करडा आणि निळा रंग, खरवडल्यासारखा. सासूबाई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"यातलं मला काही कळत नाहीये," मी कुजबुजले. हे माझं रोजचं काम असून.

"कळायला कशाला पाहिजे? बघ ना, किती निवांत आहे."

मग त्या पुढे गेल्या आणि एकदम ओरडल्या, "अगं, इकडे ये! हे तुझं ना?"

समोरची अख्खी भिंत झाकणारी एक गोधडी टांगलेली होती. कापडाची नव्हे, वेफर्स आणि चिवड्याच्या रिकाम्या पाकिटांची. पाकिटं कापून, सपाट करून, धावदोऱ्यानं एकमेकांना शिवलेली. कुठे रंगीत बाजू वर, कुठे आतली चंदेरी. आणि मधल्या पट्ट्यात, एकाखाली एक, माझं लिंबू. दोन वर्षांपूर्वीच्या पाकिटावरचं, थेंबांसकट.

ज्या मुलीनं ती केली होती ती जवळच उभी होती. बारीक कापलेले केस, पायात वेगवेगळ्या रंगांचे मोजे. ती समजावून सांगायला पुढे आली. "ही सगळी आमच्या सोसायटीच्या कचऱ्यातली आहेत. आपण किती टाकतो, ते दिसावं म्हणून. एरवी हे सगळं कांजूरच्या डम्पिंगवर जातं आणि आपण विसरतो."

"ही लिंबाची पाकिटं माझ्या सुनेनं केलीयेत," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. आवाज हॉलभर गेला. दोन-तीन माणसं वळून बघायला लागली.

मुलीचा चेहरा पडला. "म्हणजे डिझाइन तुमचं? सॉरी हां मॅम, मी तुमच्याबद्दल असं... म्हणजे कंपन्यांबद्दल..."

"सॉरी कशाला?" मी म्हटलं. "बरोबरच आहे तुझं."

थोडं टोचलं, नाही असं नाही. पण मी जवळ गेले तसं ते टोचणं मागे पडलं. पाकिटांना पडलेल्या सुरकुत्यांमुळे माझं ते गुळगुळीत लिंबू कुठे चुरगळलं होतं, कुठे अर्धंच उरलं होतं, कुठे त्याचा पिवळा उडून फिका झाला होता. ओळीनं पाहत गेलं तर प्रत्येक वेगळं दिसत होतं. स्क्रीनवर ते मी शंभरदा बघितलं होतं आणि ते इतकं छान मला कधीच वाटलं नव्हतं.

"माझं लिंबू पहिल्यांदाच कुणी भिंतीवर लावलंय," मी म्हणाले. मुलगी हसली, तिचा जीव भांड्यात पडला असावा.

"मागची बाजू बघू का गं?" सासूबाईंनी विचारलं. "गोधडीची पाठ बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही."

हात लावू नये अशी पाटी होती. पण मुलीनं स्वतःच कोपरा उचलून धरला. मागे टाक्यांच्या रांगा होत्या, सुरुवातीला वाकड्यातिकड्या, पुढे पुढे सरळ होत गेलेल्या. "आजीकडून शिकले," ती म्हणाली. "ती म्हणते, एवढे कष्ट घेतेस तर कापडाची तरी कर."

"तिला सांग, ही पावसात भिजणार नाही," सासूबाई म्हणाल्या. मग तिघींचा एक फोटो काढला. मी मधे, माझ्या लिंबांच्या पुढ्यात.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी अंघोळ करून मुगाची खिचडी टाकली, पापड भाजायला घेतले. बाहेरच्या खोलीत सासूबाई आधी माझ्या नवऱ्याला आणि मग फोनवर घाटकोपरच्या बहिणीला दिवसाची हकिगत सांगत होत्या. नवऱ्याला सांगताना चैत्यात ऐकायला एक जोडपं होतं. बहिणीला सांगेपर्यंत तिथे अकोल्याहून आलेली सबंध सहल जमली होती आणि लोक रडत होते.

नवरा स्वयंपाकघरात आला, ओट्याला टेकून उभा राहिला. "तू गातेस?" त्यानं विचारलं. "मला का नाही माहीत?"

"तू विचारलंस कधी?"

"आता विचारतोय ना."

"आधी पापड खा," मी म्हटलं. बाहेर सासूबाईंनी आणखी कुणालातरी फोन लावला होता. कुकरची शिट्टी झाली, तसा मी गॅस बारीक केला आणि उरलेला पापड परतता परतता तो आलाप पुन्हा सुरू केला. सासूबाई पाणी घ्यायला आत आल्या, फोन कानाला तसाच. मी थांबले नाही.